आत्याचं लग्न टीव्हीवर लावायला लागलेले चार दिवस

आमच्याकडे वरच्या खोलीत एक असेंबल केलेला पीसी आहे, त्यात चार टीबीची हार्ड डिस्क, आणि त्या डिस्कवर आमचं अख्खं खानदान. लग्नं, मुंजी, बारसे, आजोबांची पंचाहत्तरी, सगळ्या व्हीएचएस कॅसेटी मी मागे एका मित्राचा कॅमकॉर्डर उसना आणून, व्हीसीआर त्याला जोडून, एकेक करून कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या होत्या. उतरवल्या आणि विसरलो. कोणी पाह्यलं नाही कधी.

यंदा एप्रिलात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांना एकदम सगळं स्पष्ट दिसायला लागलं, आणि त्याच आठवड्यात आत्याचा अमरावतीहून फोन आला आणि दोघा बहीणभावात वाद पेटला की तिच्या लग्नात, म्हणजे मे १९९४ मध्ये, पंगतीत वडाभात होता की नव्हता. बाबा म्हणतात होता, मी स्वतः वाढला. आत्या म्हणते साधा मसालेभात होता, तुले काही आठवत नाही दादा. फोन स्पीकरवर, आई मधून मधून "जाऊ द्या न आता" म्हणून राहिली. शेवटी बाबा मला म्हणाले, "तुझ्याजवळ ती कॅसेट आहे न कॉम्प्युटरात? लाव टीव्हीवर. आज सोक्षमोक्ष लावू."

आता आज म्हणजे आज थोडीच होतं.

सरळ उपाय पेनड्राइव्ह, तो आधी केला. पण ती कॅसेट मी डीव्ही फॉरमॅटमध्ये उतरवलेली, आणि डीव्हीचा एक तास म्हणजे साधारण १३ जीबी. तीन तासांचं लग्न, तीन फायली, प्रत्येक १३ जीबीची. आमचा पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाईल मावतच नाही, मग पेनड्राइव्ह भले ६४ जीबीचा का असेना. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला तर आमचा टीव्हीचा बॉक्स त्याला ओळखच देत नाही. म्हणून म्हटलं, पूर्वी नेटवर्कवरून शेअर केलेला फोल्डर बॉक्सवरच्या कोडी नावाच्या व्हिडिओ प्लेअर ॲपमध्ये मस्त दिसायचा, तेच परत चालू करू, पाच मिनिटांचं काम आहे.

पूर्वी म्हणजे विंडोज १० असताना. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, तेव्हा मी विंडोजवाली वेगळी डिस्क पुसून विंडोज ११ प्रो नव्यानं टाकलं. त्याच दरम्यान घरून काम करायला वरच्या खोलीत वायफाय नीट मिळावं म्हणून एक वेगळा राऊटर पण लावला. म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलल्या, आणि फोल्डर चालतो का हे मी सहा महिने पाह्यलंच नाही. हे लक्षात ठेवा, सगळ्या रामायणाचं मूळ इथे आहे.

पहिल्या दिवशी फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, एव्हरीवन, रीड. झालं. माझ्या लॅपटॉपवरून उघडून पाह्यलं तर खट्कन उघडला. खाली आलो, बॉक्सवर कोडीत नेटवर्क पाहतो तर रिकामं. पीसीचं नाव टाकलं, नाही. आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता टाकला, नाही. मग अर्थातच माझा निष्कर्ष तयार: पीसी बरोबर आहे, लॅपटॉपवर उघडते म्हणजे बरोबरच आहे, हा बॉक्सच खराब झाला.

सुट्टीत आलेला भाचा होताच बाजूला, बारावीचा पोट्टा, त्याला सगळंच माहीत असते. "मामा, तुम्ही एसएमबी वन ऑन करून टाका न, सारे युट्यूबवाले तेच सांगून राहिले." आणि खरंच, कोणताही व्हिडिओ लावा, पहिला उपाय तोच: विंडोज फीचर्समध्ये जा, एसएमबी १.० वर टिक करा, रीस्टार्ट करा. मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं वर जाऊन टिक केलंसुद्धा. आणि गंमत म्हणजे तरीही फोल्डर दिसला नाही, याचं मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. कारण चालला असता तर तो तसाच राहिला असता घरात, उघड्या खिडकीसारखा.

थोडं विषयांतर होते पण सांगतोच. एसएमबी म्हणजे विंडोजची फोल्डर शेअर करायची भाषा. तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली, दुसरी व्हिस्टासोबत आली, तिसरी विंडोज ८ सोबत २०१२ मध्ये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, लोकांच्या फायली कुलूपबंद करून पैसे मागायचा, तो याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर उड्या मारत गेला. त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता, पण ज्यांनी टाकला नाही ते गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून एसएमबी वनवरून फोल्डर शेअर करायची सोय नव्या इन्स्टॉलमध्ये येतच नाही, मुद्दाम चालू करावं लागते. तर घरच्या लग्नाच्या व्हिडिओसाठी ते चालू करणं मला पटत नाही, भले युट्यूबवाले काहीही म्हणोत. रात्री भाचा झोपल्यावर मी ते टिक काढलं.

दुसऱ्या दिवशी खरी गोष्ट कळली ती अपघातानं. वर इतकं गरम होत होतं, स्लॅबखालची खोली, नागपूरचा उन्हाळा, की मी लॅपटॉप घेऊन खाली कूलरसमोर येऊन बसलो. आणि तोच फोल्डर, जो वर खट्कन उघडत होता, लॅपटॉपवर उघडेना. ०एक्स८००७००३५, नेटवर्क पाथ सापडला नाही. लॅपटॉप तोच, पीसी तोच. बदललं काय तर जागा. खाली आल्याबरोबर लॅपटॉपनं आपोआप खालचं वायफाय पकडलं होतं.

मग पेटला दिवा. खालचा राऊटर नेटवाल्यानं दिलेला, तो १९२.१६८.१ वाले आयपी वाटतो. त्याची वायर वर जाते ती माझ्या राऊटरच्या निळ्या वॅन पोर्टात, आणि माझा राऊटर स्वतःचं वेगळंच १९२.१६८.० वालं नेटवर्क चालवतो. पीसी वरच्या नेटवर्कात, टीव्हीचा बॉक्स खालच्या. वरून खाली दिसते, खालून वर दिसत नाही, कारण वरच्या राऊटरला वाटते की खालचं घर म्हणजे बाहेरचं इंटरनेट, तिकडून कोणी आलं की दार लावून घ्यायचं. एकाच घरात मी माझ्याच बापाला बाहेरचा करून ठेवलं होतं सहा महिने.

तुमच्याकडेही नेटवाल्याचा एक आणि स्वतःचा एक असे दोन राऊटर असतील, आणि असतातच आजकाल, तर बाकी काही करायच्या आधी दोन्ही डिव्हाइसचे आयपी लिहून काढा कागदावर. पहिले तीन आकडे जुळत नसले तर घरात बहुतेक दोन नेटवर्कं आहेत, आणि मग शेअरिंगच्या सेटिंगमध्ये डोकं आपटून काही होत नाही. भाच्यानं मधेच पोर्ट फॉरवर्ड करायची आयडिया काढली होती, म्हणजे ४४५ नंबरचा पोर्ट, फोल्डर शेअरिंगचं दार, राऊटरवर बाहेरच्यांसाठी उघडायचं. त्याला म्हटलं बापा, ते तर अजिबात नको, एक दिवस तेच चुकून नेटवाल्याच्या राऊटरवर करशील आणि घर साऱ्या जगासाठी उघडं. उपाय साधा आहे: वरच्या राऊटरच्या पेजवर जाऊन त्याचा आयपी बदलून १९२.१६८.१.२ केला, त्याची डीएचसीपी बंद केली म्हणजे तो आयपी वाटणं थांबवतो, आणि वायर निळ्या पोर्टातून काढून बाजूच्या पिवळ्या लॅन पोर्टात खोचली. काही राऊटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड म्हणून एक बटणच असते, तेच काम करते. आता अख्ख्या घरात एकच नेटवर्क.

आणि आता कुठूनच उघडेना! वरून पण नाही.

हे का झालं ते कळायला संध्याकाळ गेली. वायर बदलली म्हणजे विंडोजसाठी हे नवीनच नेटवर्क झालं, आणि नवीन नेटवर्क दिसलं की विंडोज त्याला पब्लिक समजते, म्हणजे जसं काही तुम्ही रेल्वे स्टेशनच्या वायफायवर बसले आहात. पब्लिकमध्ये फायरवॉल फोल्डर शेअरिंग बंद ठेवते, पिंगला, म्हणजे "आहेस का" या हाकेलासुद्धा उत्तर देत नाही, म्हणून पिंग लागत नाही म्हणजे वायर तुटली असं समजू नका. सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट, तिथे प्रायव्हेट केलं आणि लॅपटॉप वर-खाली दोन्हीकडून चालायला लागला. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन म्हणून कमांड आहे, तिला पीसीचा आयपी आणि पोर्ट ४४५ द्यायचा, खाली ट्रू आलं की रस्ता मोकळा आहे, फॉल्स आलं की नावं-पासवर्ड तपासत बसू नका, अजून तुम्ही दारापर्यंतच पोचले नाही. ही एक कमांड मला पहिल्या दिवशी आठवली असती तर अर्धा त्रास वाचला असता.

तिसरा दिवस कोडीचा. आमच्या बॉक्सवरचं कोडी जुनं, मी कधी अपडेटच केलं नव्हतं. त्यात सेटिंग्ज, सर्व्हिसेस, एसएमबी क्लायंट असं आत गेलं की मिनिमम आणि मॅक्सिमम प्रोटोकॉल व्हर्जन दिसते, नाही दिसलं तर खालचं गिअरचं बटण दाबून लेव्हल एक्सपर्ट करायची. कधीतरी मीच, असाच कोणता तरी व्हिडिओ पाहून, मॅक्सिमम एक वर ठेवलं होतं. म्हणजे बॉक्स फक्त पहिली आवृत्ती बोलणार आणि पीसीला ती आता येत नाही. मिनिमम दोन, मॅक्सिमम तीन केलं, कोडी बंद करून चालू केलं. आणि त्या ब्राउझच्या यादीत पीसी आपोआप दिसण्याची वाट पाहू नका, ती जुनी यादी पहिल्या आवृत्तीच्या जोरावरच चालायची. ॲड नेटवर्क लोकेशन घ्या आणि आयपी, फोल्डरचं नाव हातानं टाका. हो, रिमोटनं एकेक अक्षर निवडायचा कंटाळा येतो, माहीत आहे.

आता त्यानं युजरनेम-पासवर्ड मागितला. विंडोज १० मध्ये मी पासवर्डवालं शेअरिंग बंद करून ठेवलं होतं, कोणीही यावं. तेच इथे केलं तर चालेना. कारण विंडोज ११ च्या २४एच२ नावाच्या अपडेटपासून प्रोमध्ये प्रत्येक निरोपावर सही लागते, ज्याला साइनिंग म्हणतात, आणि ती सही पासवर्डपासून बनते. गेस्टला पासवर्डच नाही तर सही कुठून करणार? म्हणून गेस्ट बाद. ही साइनिंग बंद करायचे उपाय पण लोक सांगतात, पण एक युजर बनवायला दोन मिनिटं लागतात तर संरक्षण कशाला काढायचं, हे मला समजत नाही.

मी माझाच टाकला. पिन टाकला, जो मी रोज सकाळी टाकतो. नाही. परत टाकला. नाही. पिन हा फक्त त्या मशीनसमोर बसून आत जायला असतो, नेटवर्कवरून चालत नाही, तिथे अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो. लॅपटॉपनं कधी विचारलं नाही कारण त्यावर तेच अकाउंट आहे, तो गुपचूप आत जात होता. आणि माझ्या ईमेलचा खरा पासवर्ड टीव्हीच्या बॉक्समध्ये लिहून ठेवायची माझी तरी इच्छा नव्हती. तर फक्त टीव्हीसाठी वेगळा लोकल युजर बनवायचा. ते काम भाच्याला सांगितलं. त्यानं पासवर्ड रिकामा ठेवला, "कशाला पाह्यजे मामा घरातल्या घरात", आणि रिकाम्या पासवर्डच्या युजरला विंडोज नेटवर्कवरून आत येऊच देत नाही. बरं, युजरचं नाव त्यानं ठेवलं होतं मराठीत, टीव्ही. आता कोडीच्या कीबोर्डवर मी ट ला दीर्घ ईकार कुठून आणू? त्याला पुन्हा वर पाठवलं. तोंड पाडून गेला.

चौथ्या दिवशी सकाळी, तर्री पोहे खाऊन झाल्यावर, फोल्डर उघडला. आत सगळी फोल्डरं होती पण नावांच्या जागी चौकोनच चौकोन, कारण मी सगळी नावं मराठीत दिलेली. इंटरफेस सेटिंगमध्ये स्किनचा फॉन्ट बदलून एरियलवाला केला तर अक्षरं आली, जोडाक्षरं मात्र आमच्या त्या जुन्या कोडीत मोडकीच, "लग्न" चं ल ग पायमोडका आणि न. पण कळत होतं. भाग १ लावला. लागला! बाबांनी चष्मा पुसला. आई पदराला हात पुसत आली. आजोबा फेट्यात, मांडवाच्या दाराशी, कॅमेऱ्याकडे न पाहता उभे.

दोन मिनिटांत अडकायला लागलं. चाललं, थांबलं, गोल गोल फिरलं, चाललं. डीव्हीला सेकंदाला सलग २५ मेगाबिटच्या वर लागतात, ऑनलाइन सिनेमासारखं ते कमी-जास्त करून घेत नाही. बॉक्स वायफायवर, तो पण जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या. पण राऊटर तर अगदी जवळ, हॉलच्या खिडकीपलीकडच्या गॅलरीत. मी उठून पाहायला गेलो आणि राऊटर दिसलाच नाही, कारण मधे कूलर होता. पत्र्याचा, साठ लिटर पाणी पोटात, एप्रिलात नवीन खस टाकून खिडकीत बसवलेला. राऊटर आणि टीव्हीच्या बरोबर मध्ये लोखंड आणि पाणी, वायफायला दोन्ही आवडत नाही. हिवाळ्यात कूलर नसते आणि नेट छान चालते, उन्हाळ्यात नेटवाल्याला शिव्या देतो आपण. मी तर तीन उन्हाळे कंप्लेंट केली आहे त्यांच्याकडे. सॉरी.

बर्डीच्या बाजारातून पंधरा मीटरची लॅन वायर आणली, कूलरच्या बाजूनं खिडकीच्या गजातून काढली, बॉक्सला जोडली. बॉक्सचा पोर्ट १०० मेगाबिटचाच आहे, पण डीव्हीसाठी भरपूर झाला. भाग १ लोण्यासारखा चालला. हळद, सीमांतपूजन, वरात. बाबा म्हणाले आता भाग २ लाव, पंगती त्यातच आहेत.

भाग २ यादीत दिसतो पण उघडत नाही.

खरं सांगतो, त्या क्षणी मला रडायला आलं. भाग १ चालते, भाग ३ चालते, भाग २ नाही. फाईल खराब म्हणावी तर वर पीसीवर चालते. मग सिक्युरिटी टॅब उघडून तिन्ही फायली शेजारी शेजारी पाह्यल्या. विंडोजमध्ये परवानग्या दोन जागी असतात, एक शेअरची आणि एक डिस्कवरच्या फाईलची स्वतःची, आणि जी कडक ती लागू. शेअरवर एव्हरीवन होतं, पण फाईलवर? भाग २ मी कधीतरी, बहुतेक आत्याला एक तुकडा कापून पाठवायला, माझ्या खाजगी फोल्डरात नेला होता आणि नंतर कट-पेस्ट करून परत आणला. एकाच डिस्कवर कट-पेस्ट केलं की फाईल आपल्या जुन्या परवानग्या सोबत घेऊन येते, कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या घेते. म्हणून टीव्हीच्या युजरला भाग २ ची परवानगीच नव्हती. त्याच्या यादीत एक अकाउंट अननोन पण होता, पुढे एस-१-५-२१ आणि लांबलचक आकडा. तो मीच, जुन्या विंडोजमधला. मूळ फोल्डरच्या ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीत जाऊन टीव्हीच्या युजरला फक्त रीड दिलं आणि आतल्या सगळ्यांना हेच लावा अशी टिक केली. फक्त रीड का, तर रिमोट कोणाच्याही हातात असतो आणि कोडीतून फाईल डिलीट करायची सोय चालू करता येते, आजोबांची दुसरी कॉपी माझ्याजवळ नाही. म्हणजे तेव्हा नव्हती, आता वेगळ्या डिस्कवर आहे.

अजून दोन किरकोळ गोष्टी त्यातच उरकल्या. पीसीला राऊटरमध्ये कायमचा एकच आयपी बांधून दिला, नाहीतर लाईट गेली-आली की आयपी बदलणार आणि कोडीला सगळं पुन्हा सांगावं लागणार. आणि पीसीची स्लीप बंद केली, व्हिडिओ चालू असताना तो झोपत नाही, पण दुपारी दोन तास कोणी काही पाह्यलं नाही की झोपायचा आणि चार वाजता बाबा खालून ओरडायचे, "गेलं पुन्हा!"

तर भाग २. संध्याकाळी आत्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं, फोन टीव्हीकडे तोंड करून पाणी पिण्याच्या जगवर टेकवून ठेवला. पंगत सुरू झाली. आवाज फार, कोणी काय वाढतंय बोलतंय ऐकू येईना, नुसती घरघर. बाबा म्हणाले, "अरे कूलर बंद कर थोडा, काही ऐकू येऊन नाही राहिलं."

भाच्यानं उठून कूलर बंद केला. घरघर तशीच.

कॅमेरा फिरला, तर मांडवाच्या कोपऱ्यात दोन ड्रमवाले कूलर, हे मोठे, एकावर वाळत टाकलेला टॉवेल. त्यांच्या समोरून बाबा आले, सडपातळ, डोक्यावर दाट केस, हातात पातेलं, आणि वाकून कोणाच्या तरी पत्रावळीवर वाढायला लागले. कॅमेरा नेमका तिथून वर गेला, झालरीकडे.

"पाह्यलं?" बाबा म्हणाले.

"काय पाह्यलं," फोनमधून आत्या, "पातेलंच तर दिसलं. मागे घे रे, मागे घे."